वाण्याची बोट

आपल्याकडे चहाच्या पुड्यावरची काही नावे इतकी घरची झाली आहेत, की ती कुणा माणसाची नावे असतील असे मनातही येत नाही. लिप्टन हे त्यांतलेच एक. माझ्या आजोळी चहा संपला की 'लिप्टन संपला' म्हणत, मग डब्यातली पत्ती कुठल्याही कंपनीची असो. या नावाचा एक हाडामांसाचा माणूस होऊन गेला, त्याने चहा विकून अमाप पैसा केला आणि त्या पैशातून शर्यतीच्या शिडाच्या नौका बांधल्या, हे मला फार उशिरा कळले. इंग्लंडातल्या सर्वांत मानाच्या नौका क्लबने या माणसाला तीसहून अधिक वर्षे उंबऱ्याबाहेर ठेवले, हे वाचल्यावर तर मी त्याचा पिच्छाच पुरवला. त्याची ही कहाणी.

टॉमी लिप्टनचा जन्म १८४८ सालचा, स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरातल्या कामगार वस्तीतला. आईवडील मूळचे उत्तर आयर्लंडमधले. बटाट्याच्या पिकावर रोग पडून आयर्लंडात भीषण दुष्काळ पडला, लाखो माणसे देशोधडीला लागली, त्याच काळात हे कुटुंब ग्लासगोला येऊन राहिले. वडिलांनी पुढे लोणी, अंडी आणि खारवलेले मांस विकायचे एक लहानसे दुकान टाकले. पोराने शाळा लवकर सोडली. आधी एका दुकानात निरोप्या, मग शर्ट शिवणाऱ्या कारखान्यात आणि मग ग्लासगो-बेलफास्ट आगबोटीवर पोऱ्या, अशी त्याची कामे. बोटीवर अमेरिकेच्या गोष्टी कानावर पडल्या आणि पंधरा-सोळा वर्षांचा टॉमी न्यूयॉर्कला जाऊन थडकला. तिथे त्याने तंबाखूच्या शेतावर राबून पाहिले, भाताच्या मळ्यावर काम केले आणि शेवटी न्यूयॉर्कच्या एका मोठ्या दुकानात तो चिकटला. गिऱ्हाइकाशी गोड कसे बोलावे, माल झळाळून कसा मांडावा आणि आपले नाव लोकांच्या तोंडी कसे ठेवावे, हे तो तिथे शिकला.

१८७१ साली लिप्टन यांनी ग्लासगोत स्वतःचे पहिले दुकान उघडले. जाहिरातीच्या त्यांच्या एकेक तऱ्हा ऐकाव्यात. गलेलठ्ठ डुकरे सजवून दुकानापर्यंत वाजतगाजत न्यायची. नाताळात चीजचा प्रचंड गोळा आणायचा, त्यात सोन्याची नाणी दडवायची आणि तो कापून विकायचा. मग दुकानासमोर रेटारेटी होणारच! बघता बघता एका दुकानाची शेकडो दुकाने झाली. १८९० साली ते सिलोनला, म्हणजे आजच्या श्रीलंकेत गेले. कॉफीवर रोग पडून तिथले मळेवाले बुडाले होते आणि जमिनी स्वस्तात मिळत होत्या. लिप्टन यांनी चहाचे मळे घेतले, मधले दलाल टाळले आणि ठरावीक वजनाच्या पुड्यांतून चहा इतका स्वस्त विकला, की श्रीमंतांच्या दिवाणखान्यातले हे पेय गिरणी कामगाराच्या चुलीपर्यंत पोचले. या मळ्यांत पाने खुडणारे हात मात्र दक्षिण हिंदुस्थानातून नेलेल्या तामिळ मजुरांचे होते, आणि त्यांचे दिवस बराकींत जात होते. ती बाजू विसरून या माणसाचे कौतुक करणे मला जमत नाही.

१८९७ साली व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीला ६० वर्षे झाली. त्या निमित्ताने लंडनच्या गोरगरिबांना जेवण घालायचे ठरले, पण वर्गणी जमेना. लिप्टन यांनी २५,००० पौंडांची रक्कम देऊन टाकली. पुढच्याच वर्षी ते 'सर थॉमस' झाले. राजपुत्र एडवर्ड यांच्याशी, म्हणजे पुढच्या सातव्या एडवर्ड राजाशी, त्यांची दोस्ती जमली. आणि आता पन्नाशीच्या या गृहस्थांना समुद्र खुणावू लागला.

इथे त्या काळच्या नौका क्लबांविषयी थोडे सांगायला हवे. शिडाच्या शर्यती हा खर्चिक षोक, आणि इंग्लंडात तो उमरावांचा. दक्षिण किनाऱ्यासमोरच्या वाइट बेटावर काउझ नावाचे गाव आहे. तिथला १८१५ साली निघालेला 'रॉयल यॉट स्क्वाड्रन' हा या सगळ्या क्लबांचा मुकुटमणी. त्याच्या सभासदांच्या नौकांना ब्रिटिश आरमाराचे पांढरे निशाण लावण्याचा मान आहे. पूर्वी अशा क्लबांत नव्या माणसाचे नाव आले, की जुने सभासद पेटीत गुपचूप गोळी टाकत. पांढरी गोळी म्हणजे होकार, काळी म्हणजे नकार. मूठभर काळ्या गोळ्या पडल्या, की कारण न देता माणूस बाहेर! लिप्टन यांच्यापाशी पैसा होता, किताब होता आणि राजाची मैत्रीही होती. पण ते दुकानदार होते. लोणी आणि खारवलेले मांस विकणाऱ्या वाण्याच्या शेजारी बसून वारुणी घेणे काउझच्या मंडळींना रुचणारे नव्हते. जर्मनीचा कैसर तर आपला मामा स्वतःच्या वाण्याबरोबर नौकाविहार करतो, अशी टवाळी करी असे सांगतात.

गंमत अशी, की लिप्टन यांना जी शर्यत जिंकायची होती, तिच्यात क्लबाशिवाय पाऊलही टाकता येत नव्हते. १८५१ साली 'अमेरिका' नावाच्या नौकेने वाइट बेटाभोवतीच्या शर्यतीत याच स्क्वाड्रनच्या नौकांना हरवून एक चांदीचा चषक नेला होता. तोच 'अमेरिका चषक'. तो न्यूयॉर्क यॉट क्लबच्या ताब्यात होता आणि तो परत आणणे हे ब्रिटिशांचे जुने स्वप्न होते. पण चषकाच्या दानपत्रात अट होती, की आव्हान एखाद्या नौका क्लबनेच द्यायचे. एकट्यादुकट्या माणसाचे आव्हान, मग तो कुबेर का असेना, चालायचे नाही.

म्हणून सर थॉमस यांनी आईवडिलांच्या मुलखाकडे मोहरा वळवला. बेलफास्टपासून सुमारे २० किलोमीटरवर बँगर हे समुद्रकाठचे गाव. तिथल्या 'रॉयल अल्स्टर यॉट क्लब'ने या वाण्याला सभासद करून घेतले आणि आपल्या नावाने न्यूयॉर्कला आव्हान धाडले. क्लबची स्थापना १८६६ सालची. काउझच्या मानाने तो अगदी लहान, पण खाडीत शर्यती भरवणारा आणि समुद्रावर प्रेम करणारा. मला या कहाणीत सर्वांत मोठी वाटते ती ही बँगरची मंडळी. त्यांनी माणसाचा धंदा पाहिला नाही, त्याची हौस पाहिली. क्लब म्हणजे नुसती इमारत आणि बिलियर्डचे टेबल नव्हे. आपल्या नावामागे आपली पत लावायला तयार असलेली चार माणसे, हा क्लबचा खरा अर्थ आहे, असे मला वाटते.

लिप्टन यांनी आपल्या नौकेचे नाव ठेवले 'शॅमरॉक', म्हणजे आयर्लंडचे ते प्रसिद्ध तीन पानांचे हिरवे रोपटे. १८९९ साली पहिली 'शॅमरॉक' तिन्ही शर्यती हरली. १९०१ साली दुसरी नौका अखेरच्या शर्यतीत अंतिम रेषेवर २ सेकंद पुढे होती, पण नौकांच्या मापांप्रमाणे वेळेची सूट धरल्यावर तीही हरली. १९०३ साली तिसरीचेही तेच झाले, शेवटच्या शर्यतीत तर ती धुक्यात वाटच चुकली. आणखी एक अडचण होती. आव्हान देणाऱ्या नौकेने अटलांटिक महासागर स्वतःच्या शिडांवर ओलांडून यायचे, असा नियम होता. त्यामुळे ती मजबूत बांधावी लागे. यजमानांची नौका मात्र घरच्या पाण्यासाठी हलकीफुलकी बांधता येई.

चौथी 'शॅमरॉक' १९१४ साली भर महासागरात असताना पहिले महायुद्ध सुरू झाले. ती न्यूयॉर्कला ठेवून दिली गेली. लिप्टन यांनी 'एरिन' ही आपली आलिशान आगबोट रुग्णसेवेसाठी दिली. १९१५ साली सर्बियात टायफसची साथ थैमान घालत असताना डॉक्टर-परिचारिकांना घेऊन ते स्वतः तिथे गेले. पुढे ही बोट आरमाराकडे गेली आणि १९१६ साली माल्टाजवळ सुरुंगाने बुडाली. १९२० साली शर्यत झाली, तेव्हा चौथ्या 'शॅमरॉक'ने पहिल्या दोन्ही फेऱ्या जिंकल्या. आता पाचांपैकी एकच हवी होती. पुढच्या तिन्ही हातच्या गेल्या! १९३० साली, वयाच्या ८२ व्या वर्षी, त्यांनी पाचवी 'शॅमरॉक' पाठवली. ती चारही फेऱ्या हरली. पाचही वेळा आव्हान बँगरच्याच क्लबचे होते.

यात धंद्याचा हिशेब नव्हता असे कोण म्हणेल? प्रत्येक शर्यतीबरोबर अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांत लिप्टनचे नाव फुकट झळकत होते आणि चहा खपत होता. पण केवळ जाहिरातीसाठी कुणी ३० वर्षे हार पचवत नाही. आणि त्यांची हारण्याची तऱ्हाही और होती. कधी तक्रार नाही, पंचांवर राग नाही, जिंकणाऱ्याचे मनापासून कौतुक. या हसऱ्या म्हाताऱ्यावर अमेरिकन लोक इतके लुब्ध झाले, की १९३० च्या पराभवानंतर विल रॉजर्स या विनोदी लेखकाने एक कल्पना काढली : प्रत्येकाने एकेक डॉलर द्यावा आणि हरणाऱ्या सर थॉमसना एक चषक द्यावा. हजारो लोकांनी डॉलर पाठवले. सोन्याचा चषक घडवला गेला आणि त्या डिसेंबरात न्यूयॉर्कच्या महापौरांनी तो त्यांच्या हाती दिला, तेव्हा आयुष्यभर बोलून माल विकलेल्या या माणसाचा कंठ दाटून आला.

मग १९३१ साली काउझच्या स्क्वाड्रनने सर थॉमस लिप्टन यांना सभासद करून घेतले. वय ८३. काही महिन्यांतच, २ ऑक्टोबरला, त्यांचे निधन झाले. ग्लासगोत आईवडिलांच्या शेजारी त्यांचे दफन झाले, आणि संपत्तीचा मोठा भाग त्यांनी त्याच शहरातल्या गोरगरिबांसाठी ठेवला.

या मानाला मान म्हणायचे का, हा प्रश्न मला छळत राहतो. द्यायचे तेव्हा द्यायला धैर्य लागते. सारे जग ओवाळू लागल्यावर माळ घालणे सोपे असते. काउझच्या साहेबांना हसण्याचेही आपल्याला कारण नाही. आपल्या मुंबईत १८४६ पासून असलेल्या यॉट क्लबात ब्रिटिश अमदानीत हिंदी माणसाला सभासद होता येत नव्हते, हे आपण अजून चिडून सांगतो. पण साहेब गेल्यावर आपल्या जिमखान्यांत, मंडळांत आणि सोसायट्यांत कोणाचा अर्ज पुढे सरकतो आणि कोणाचा फायलीत पडून राहतो, हे आपणही जाणतो. आपल्या हातातली गोळी दिसत नाही, एवढेच.

'अमेरिका चषक' ब्रिटनला आजतागायत मिळालेला नाही. पण सर थॉमस यांनी ठिकठिकाणच्या क्लबांना हौसेने चषक दिले होते. दक्षिण आफ्रिकेसाठी त्यांनी दिलेल्या चषकासाठी तिथले क्लब आजही झुंजतात. एखाद्या लहान गावच्या क्लबातली पोरे या वाण्याच्या नावाने शिडे उभारतात, हे सभासदत्व त्यांना कुणाच्या मतदानाने मिळालेले नाही, आणि कुणाच्या काळ्या गोळीने ते जायचेही नाही.