विश्लेषण : जुन्या रायफलीच्या साइटवरील ‘१८५९’चा अर्थ काय? रिचर्ड लॉरेन्स कोण होते?

अमेरिकेच्या गृहयुद्धात गाजलेल्या शार्प्स रायफलींच्या मागच्या साइटवर आर. एस. लॉरेन्स हे नाव आणि १५ फेब्रुवारी १८५९ ही पेटंटची तारीख आढळते. जुन्या बंदुका जमवणारा नवखा माणूस हेच बंदुकीचे वय समजला, तर फसतो. ही तारीख नेमके काय सांगते?

एका साइटने नोकरी कशी मिळाली?

लॉरेन्स यांचा जन्म १८१७चा, व्हरमाँट राज्यातला. १८३८ मध्ये ते विंडसरला आले. तिथे डॉ. स्टोरी यांची जुनी रायफल दुरुस्त करताना त्यांनी तिच्यावर बारीक छिद्रातून नेम धरण्याची ‘पीप साइट’ बसवली. डॉक्टरांनी असे काही पाहिलेच नव्हते. चाचणीसाठी सुमारे ६० मीटरवरचे मेपलचे झाड निवडले. रस काढण्यासाठी त्याला गिरमिटाने पाडलेले पाऊण इंची भोक हे लक्ष्य. गोळ्या झाडल्या, पण खोडावर खूण दिसेना. रायफल बिघडवली, असे डॉक्टरांना वाटले. प्रत्यक्षात तिन्ही गोळ्या त्या भोकातच गेल्या होत्या! डॉक्टरांनी त्यांना केंडॉल यांच्या बंदूक कारखान्यात नेले. वर्षाला १०० डॉलरवर नोकरी पक्की झाली.

पुढे काय झाले?

१८४५ मध्ये लॉरेन्स आणि भागीदारांना सरकारकडून १० हजार केपाच्या रायफलींचे कंत्राट मिळाले. ‘मॉडेल १८४१’च्या या रायफली त्यांनी मुदतीआधीच दिल्या. १८५१च्या लंडन प्रदर्शनात त्यांच्या सहा रायफलींचे सुटे भाग एकमेकींना बसत होते, याचे कौतुक झाले. पण ब्रिटिशांसाठीच्या एन्फिल्ड रायफलींच्या कंत्राटात कंपनी बुडाली. लॉरेन्स हार्टफर्डच्या शार्प्स कारखान्यात राहिले. तिथेच १८५९ची साइट आली.

साइट कशी चालते?

गोळी जितकी लांब जाते, तितकी खाली येते. म्हणून लांबच्या नेमासाठी नळीचे तोंड थोडे वर हवे. साइटची बिजागरीवरची पट्टी उभी करून तिच्यावरची सरक वर नेली, की नेम धरताना नळी आपोआप उचलली जाते.

वय कसे ओळखायचे?

• पेटंटची तारीख ही सर्वांत आधीची हद्द आहे. साइट त्याआधीची नाही, एवढेच ती सांगते. ‘मॉडेल १८६३’ शार्प्सवरही १८५९ हेच साल दिसते.

• उलटही घडते. ‘मॉडेल १८४१’ची मूळ साइट स्थिर होती. लष्कराने १८५५ पासून अनेक रायफलींना लांब पल्ल्याच्या, वरखाली होणाऱ्या साइट बसवल्या. त्यामुळे चापाजवळच्या लॉक-पट्टीवर १८४८ आणि नळीवर तशी साइट असेल, तर ती बनावट ठरत नाही. नंतर झालेला बदल असू शकतो.

• म्हणून लॉक-पट्टी, नळी आणि साइट तिन्ही वेगवेगळी तपासावीत.

शेवट कसा झाला?

लॉरेन्स यांनी १८७२ मध्ये शार्प्स सोडली. नंतर हार्टफर्डच्या रस्त्यांची देखरेख त्यांच्याकडे होती. १८९२ मध्ये त्यांचे निधन झाले.