खुस्रो रुस्तमजी : सीमा सुरक्षा दलाचे पहिले महासंचालक

ग्वाल्हेरहून झाशीच्या रस्त्याला लागलो की वाटेत टेकनपूर येते. सीमा सुरक्षा दलाची, म्हणजे बीएसएफची, अकादमी तिथे आहे. तिच्या आवारातल्या तंत्रशिक्षण संस्थेला रुस्तमजींचे नाव दिलेले आहे. हे रुस्तमजी कोण, असे घरातल्या मुलांनी विचारले तर आपल्याला सांगता यायला हवे. १ डिसेंबरला दलाचा स्थापना दिन असतो. त्या निमित्ताने हा परिचय.

खुस्रो फरामुर्झ रुस्तमजी यांचा जन्म २२ मे १९१६ रोजी नागपूरजवळच्या कामठीला, एका पारशी कुटुंबात झाला. १९३८ मध्ये ते पोलीस सेवेत दाखल झाले आणि त्यांना मध्यप्रांत व वऱ्हाड हा प्रांत मिळाला. राज्य इंग्रजांचे, अंगावर त्यांचाच गणवेश आणि भोवती स्वातंत्र्याची चळवळ. अशा काळात नोकरी केलेल्या पिढीतले ते अधिकारी. स्वातंत्र्यानंतर, १९५२ पासून सुमारे सहा वर्षे, पंतप्रधान नेहरूंच्या सुरक्षेची मुख्य जबाबदारी त्यांच्याकडे होती. गर्दी दिसली की तिच्यात शिरणाऱ्या माणसाला सांभाळणे हे सोपे काम नव्हते. त्या दिवसांच्या नोंदी ते नेमाने डायरीत लिहीत. पुढे त्या डायऱ्यांवरून पुस्तके निघाली.

१९५८ मध्ये ते मध्य प्रदेशाचे पोलीसप्रमुख झाले. त्या वेळी या पदाला इन्स्पेक्टर जनरल म्हणत. आपल्या भागातल्या जुन्या मंडळींना तो काळ वेगळा सांगायला नको. भिंड-मुरैन्याच्या बीहडात डाकूंच्या टोळ्या होत्या आणि अंधार पडायच्या आत गावांची दारे लागत. ‘शोले’मुळे गब्बर सिंग हे नाव आज पोराटोरांच्या तोंडी आहे. खरा गब्बर भिंड जिल्ह्यातला, गावकऱ्यांची नाके कापणारा. नोव्हेंबर १९५९ मध्ये, नेहरूंच्या वाढदिवसाच्या तोंडावर, पोलिसांनी त्याच्या टोळीला गाठले आणि चकमकीत तो मारला गेला. सिनेमातला डाकू आपल्याला पाठ आहे. पण त्या बीहडात रात्र-रात्र दबा धरून बसलेल्या शिपायांपैकी एकाचेही नाव आपल्याला सांगता येत नाही.

रुस्तमजींना हीच गोष्ट खुपत असे. मे १९६० मध्ये आचार्य विनोबा भावे चंबळ भागात पदयात्रेला आले आणि वीसेक डाकूंनी त्यांच्यापुढे शस्त्रे ठेवली. देशभर कौतुक झाले. रुस्तमजींनी मात्र जाहीरपणे नाराजी व्यक्त केली. डाकूंचा असा गौरव होऊ लागला, तर ज्यांची माणसे मारली गेली त्यांचे काय, आणि जिवावर उदार होऊन लढलेल्या पोलिसांनी काय समजायचे, असा त्यांच्या आक्षेपाचा रोख होता. विनोबा आपल्या सर्वांना पूज्य आहेत आणि हृदयपरिवर्तनाचा त्यांचा मार्ग खोटा होता असे आम्ही म्हणणार नाही. १९७२ मध्ये जयप्रकाशजींपुढे झालेल्या मोठ्या शरणागतीचे बीज त्यातच होते. तरीही रुस्तमजींनी विचारलेला प्रश्न खरा होता आणि तो विचारायला धैर्य लागले होते.

९ एप्रिल १९६५ रोजी कच्छच्या रणातल्या सरदार चौकीवर पाकिस्तानी सैन्याने मोठा हल्ला चढवला. केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या मूठभर जवानांनी तो परतवला, पण त्यात काहींना प्राण द्यावे लागले. त्या काळी सीमेवर पहारा असे तो बहुतेक त्या-त्या राज्याच्या सशस्त्र पोलिसांचा. राज्य बदलले की शस्त्रे, शिस्त, पगार सगळेच बदलत असे. साऱ्या सीमेसाठी एकच केंद्रीय दल हवे, हे आता दिल्लीला पटले. १ डिसेंबर १९६५ रोजी सीमा सुरक्षा दल स्थापन झाले आणि त्याची उभारणी रुस्तमजींकडे सोपवली गेली. निरनिराळ्या राज्यांतून आलेल्या पंचवीसेक बटालियन एका झेंड्याखाली आणायच्या होत्या. १९६६ मध्ये टेकनपूरची अकादमी सुरू झाली. आपल्या इंदूरलाही दलाची शस्त्र-प्रशिक्षण शाळा आहे. नऊ वर्षे ते या दलाचे प्रमुख होते.

या दलाची पहिली मोठी परीक्षा १९७१ मध्ये झाली. २५ मार्चच्या रात्री ढाक्यात कत्तल सुरू झाली आणि अवामी लीगचे नेते ताजुद्दीन अहमद लपतछपत सीमेपर्यंत पोहोचले. बीएसएफच्या अधिकाऱ्यांनी त्यांना सुरक्षित आणले. रुस्तमजी तातडीने कलकत्त्याला जाऊन त्यांना भेटले. ताजुद्दीन अंगावरच्या कपड्यांनिशी आलेले, तेव्हा रुस्तमजींनी त्यांना स्वतःचे कपडे दिले असे सांगतात. १७ एप्रिलला वैद्यनाथतला येथील आंबराईत बांगलादेशाच्या हंगामी सरकारचा शपथविधी झाला. त्याच्या तयारीत या दलाचा हात होता. डिसेंबरच्या युद्धात दलाचे जवान सैन्याच्या खांद्याला खांदा लावून लढले. पंजाब सीमेवरच्या राजा मोहतम चौकीसाठी लढताना असिस्टंट कमांडंट राम कृष्ण वधवा यांना वीरमरण आले. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळाले.

१९७४ मध्ये रुस्तमजींच्याच अध्यक्षतेखाली एक समिती नेमली गेली. समुद्रावरून होणाऱ्या तस्करीला आळा घालण्यासाठी तिने वेगळ्या दलाची शिफारस केली आणि त्यातून पुढे भारतीय तटरक्षक दल उभे राहिले.

एवढे केल्यावर कुणीही निवांत बसला असता. रुस्तमजी राष्ट्रीय पोलीस आयोगाचे सदस्य झाले आणि त्या कामासाठी बिहारचे तुरुंग पाहायला गेले. तिथे त्यांना दिसले की खटलाच उभा न राहिल्यामुळे कित्येक माणसे वर्षानुवर्षे कोठडीत आहेत. गुन्हा सिद्ध झाला असता तर जितकी शिक्षा झाली असती, त्याहून अधिक काळ काहींनी आत काढला होता. त्यांत बायका होत्या, मुलेही होती. जामिनाला पैसे नाहीत, वकील नाही, बाहेर कुणी वाली नाही. जानेवारी १९७९ मध्ये रुस्तमजींनी ‘इंडियन एक्सप्रेस’मध्ये यावर लिहिले. ते लेख वाचून अॅडव्होकेट पुष्पा कपिला हिंगोरानी सर्वोच्च न्यायालयात गेल्या. हुसैनारा खातून या नावाने गाजलेला तो खटला. खटला लवकर चालणे हा आरोपीचा मूलभूत हक्क आहे, असे न्यायालयाने त्यात सांगितले. हजारो कच्चे कैदी सुटले आणि जनहित याचिकेची वाट देशात रुळली.

माणसांना पकडून तुरुंगात धाडणे हे ज्यांच्या खात्याचे काम, त्यांनीच तुरुंगातल्यांसाठी लेखणी उचलावी, हे वरवर पाहता विसंगत वाटते. आम्हाला तसे वाटत नाही. बीहडात पडलेला शिपाई, नाक कापलेला शेतकरी, सीमेपलीकडून आलेला निर्वासित आणि तारखेची वाट बघणारा कैदी, या सगळ्यांना ओळखणारे कुणी नव्हते. रुस्तमजींची नजर प्रत्येक वेळी अशाच माणसाकडे गेली.

१९७२ मध्ये पद्मभूषण आणि १९९१ मध्ये पद्मविभूषण देऊन सरकारने त्यांचा गौरव केला. इतका मोठा सन्मान पोलीस सेवेतल्या माणसाच्या वाट्याला क्वचितच येतो. मार्च २००३ मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले. आपल्या घराघरांत सैन्यातल्या वीरांच्या गोष्टी मुलांना सांगितल्या जातात. खाकी वर्दीतल्या या माणसाची आणि त्याच्या जवानांची गोष्टही या १ डिसेंबरला घरात जरूर सांगावी.