सागरी घड्याळाचा कर्ता जॉन हॅरिसन

घड्याळ दोन मिनिटे मागे पडले, तर शाळेची घंटा चुकण्यापलीकडे आपले फारसे बिघडत नाही. दर्यावर्दी लोकांचे प्राण मात्र एके काळी अशा मिनिटांवर अवलंबून असत. पृथ्वी तासाला पंधरा अंश फिरते. म्हणून निघालेल्या बंदराची वेळ जहाजावर अचूक ठाऊक असेल, तर माध्यान्हीचा सूर्य पाहून आपला रेखांश काढता येतो. परंतु लाटांच्या हेलकाव्यांत व बदलत्या हवेत बरोबर चालणारे घड्याळच त्या काळी नव्हते. इ. स. १७०७ साली इंग्रजी आरमाराची चार जहाजे सिली बेटांच्या खडकांवर आपटून हजारांहून अधिक माणसे बुडाली. पुढे १७१४ साली पार्लमेंटाने बक्षीस लावले : वेस्ट इंडीजपर्यंतच्या सफरीत रेखांश अर्ध्या अंशाच्या आत दाखविणारास २०,००० पौंड. म्हणजे सहा आठवड्यांत दोन मिनिटांहून अधिक चूक नको.

या कसोटीस उतरलेला पुरुष एका सुताराचा मुलगा होता. त्याचा जन्म १६९३ साली यॉर्कशायरात झाला. पहिली घड्याळे त्याने लाकडाचीच केली. त्याचे पहिले सागरी घड्याळ १७३६ साली लिस्बनची सफर करून आले. परतताना किनारा दिसला, तेव्हा जहाजावरील अधिकाऱ्यांचा अंदाज चुकला व हॅरिसनचा खरा ठरला. रेखांश-मंडळ प्रसन्न झाले; पण हॅरिसनने स्वतःच आपल्या यंत्रातील दोष सांगून दुसरे करण्यास पैसे मागितले! ते दुसरेही मनास न पटल्यामुळे त्याने समुद्रावर पाठविलेच नाही. तिसऱ्यावर एकोणीस वर्षे गेली. आमच्या वाचकांपैकी कित्येकांचे वयही तेवढे नसेल.

अखेर त्याने मोठी यंत्रे सोडून तळहाताएवढे चौथे घड्याळ केले. १७६१ साली त्याचा पुत्र विल्यम ते घेऊन जमेकास गेला. एक्याऐंशी दिवसांत ते अवघे पाच सेकंद मागे पडले. तरी मंडळाचे समाधान होईना. १७६४ साली बार्बाडोसची दुसरी परीक्षा झाली. तीतही ते उतरले. मग अट निघाली की, आतील रचना उघड करावी व तशीच आणखी घड्याळे करून दाखवावी. इतर कारागिरांस जे करता येत नाही, ते शेकडो जहाजांस कसे पुरणार, हा प्रश्न आम्हांस अगदीच गैर वाटत नाही. पण परीक्षा झाल्यावर नियम वाढविणे न्याय्य नव्हते, असे आमचे मत आहे. म्हाताऱ्याने पाचवे घड्याळ केले. १७७२ साली राजा तिसरा जॉर्ज याने आपल्या वेधशाळेत ते स्वतः पारखले, व १७७३ साली पार्लमेंटाने हॅरिसनला ८,७५० पौंड दिले.

चौथ्या घड्याळाची लार्कम केंडॉल याने केलेली नक्कल घेऊन कॅप्टन कुक १७७५ साली दक्षिण समुद्रांतून परतला, व तिच्या कामगिरीवर तो संतुष्ट होता. दुसऱ्याच वर्षी २४ मार्च रोजी हॅरिसन वारला. पहिली चारही घड्याळे आज ग्रेनिच येथे आहेत. तीन मोठी चालू ठेवतात. चौथ्यास तेल लागते, म्हणून ते झिजू नये यासाठी थांबवून ठेवले आहे.