‘ढ’ म्हणून मागं बसवलेल्या लेकरांसाठी ताराबाई मोडक आठवा

कामरगाव (ता. कारंजा) : आमच्या वर्गात एक पोरगा होता. वावरातली सगळी कामं त्याला यायची, तोंडी हिशेब तर सगळ्यांच्या आधी सांगायचा. पण पुस्तक हाती घेतलं की अडखळायचा, ‘भ’ला ‘म’ वाचायचा. तो ‘ढ’ ठरला. पोरं हसायची, छड्याही बसायच्या. पुढं तो शाळेच्या नावानंच घाबरू लागला आणि शेवटी शाळा सुटली. अशा लेकरांचा विषय निघाला की ताराबाई मोडक आठवतात.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ चा, मुंबईतला. माहेर केळकरांचं. १९१४ साली पदवी घेतली, दुसऱ्या वर्षी लग्न होऊन त्या आपल्या वऱ्हाडात, अमरावतीला आल्या. संसार टिकला नाही. १९२१ मध्ये त्या वेगळ्या झाल्या आणि राजकोटला महिला ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्य झाल्या. १९२३ साली ती नोकरी सोडून भावनगरला गिजुभाई बधेकांच्या बालमंदिरात गेल्या.

तिथं शिक्षण चालायचं मॉन्टेसरी पद्धतीनं. या पद्धतीचं मूळ समजून घेण्यासारखं आहे. इटलीच्या डॉक्टर मारिया मॉन्टेसरी यांनी आधी मंदबुद्धी ठरवलेल्या मुलांना शिकवलं. लाकडी अक्षरांवरून बोट फिरवत ती मुलं लिहा-वाचायला शिकली, काही तर साध्या शाळेची परीक्षाही पास झाली. म्हणजे खोट लेकरात कमी, शिकवण्यात जास्त होती.

ताराबाईंनी हेच आपल्या मातीत रुजवलं. १९४५ मध्ये समुद्रकाठच्या बोर्डीला बालशिक्षणाचं केंद्र काढलं. अनुताई वाघ तिथं त्यांच्या सोबतीला आल्या. १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. आदिवासी लेकरं शाळेत येत नव्हती, म्हणून शाळाच पाड्यावर नेली, अंगणात भरवली. ढोरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा काढली. शिकवायला खडे, बिया, पानं, शिंपले. मार नाही, भीती नाही. १९६२ साली त्यांना पद्मभूषण मिळालं. ३१ ऑगस्ट १९७३ ला त्या गेल्या.

अध्ययन अक्षमता हा शब्द तेव्हा गावात कुणाला माहीत नव्हता. आज २०१६ च्या दिव्यांग कायद्यात तो आहे. प्रमाणपत्र असलं तर दहावी-बारावीच्या परीक्षेत जास्तीचा वेळही मिळतो. पण आपण अजून लेकराला चारचौघात ‘ढ’ म्हणतो, भावाशी तुलना करतो. मग ते गप्प होतं, चिडतं, सकाळी पोट दुखतं म्हणतं.

मायबापहो, तुमचं लेकरू बोलण्यात हुशार पण वाचण्यात मागं असेल, तर मारू नका. गुरुजींशी बोला, सरकारी दवाखान्यात तपासणीबद्दल विचारा. आमच्या वर्गातल्या त्या पोरासाठी हे कुणी केलं नाही.