सारख्या दिसणाऱ्या अळ्या ओळखायच्या कशा? साडेतीनशे वर्षांपूर्वी एका बाईनं यासाठी आयुष्य घातलं

युरो यायच्या आधी जर्मनीत मार्क चालायचे. त्यातली १९९२ साली आलेली ५०० मार्कची नोट गुगलवर शोधून बघा. पुढच्या बाजूला एक बाई दिसेल. नोट उलटी केली की पिवळ्या फुलाचं एक रानटी रोपटं, त्यावर एक केसाळ सुरवंट आणि त्याच सुरवंटाचा पुढे होणारा पतंग.

आता नोटेवर राजे असतात, पुढारी असतात, गेला बाजार एखादा शास्त्रज्ञ असतो. सुरवंट कुठून आला?

तो त्या बाईमुळे आला. तिचं नाव मारिया सिबिला मेरियन.

तिची गोष्ट सांगण्याआधी जरा आपल्या कुंडीत डोकावू. तगरीवर कधी बोटाएवढी जाडजूड हिरवी अळी बघितली असेल. शेपटीवर काटा आणि डोक्यामागे दोन निळसर डोळे. चार दिवसांनी बघावं तर हिरवी गायब आणि तपकिरी-केशरी रंगाची एक अळी मातीकडे निघालेली. आपण म्हणतो, ही दुसरीच कुठली तरी आली. तर नाही, अळी तीच आहे. कोष करायची वेळ आली की ती रंग बदलते. हरभऱ्यावरची घाटेअळी तर हिरवी, तपकिरी, गुलाबी अशा कुठल्याही रंगात सापडते. आणि याच्या उलट, मक्यावरची अमेरिकन लष्करी अळी आणि आपली जुनी लष्करी अळी लहान असताना शेजारी ठेवल्या तर भलेभले गोंधळतात. मोठी झाल्यावर अमेरिकन अळीच्या डोक्यावर उलटा इंग्रजी वाय दिसतो आणि शेपटीजवळ चौकोनात चार ठिपके. तोवर पिकाचं व्हायचं ते नुकसान होऊन गेलेलं असतं.

म्हणजे रंगावर जाल तर फसाल, हे ठरलेलं. मग ओळखायचं कशावरून? मेरियन बाईंनी याचं उत्तर काढलं तेव्हा युरोपात अनेक लोक अजून असं मानत होते की किडे चिखलातून, कुजक्या मांसातून, दवाच्या थेंबातून आपोआप तयार होतात.

मारियाचा जन्म २ एप्रिल १६४७ चा, फ्रँकफर्टचा. वडील मॅथॉयस मेरियन हे युरोपभर नाव असलेले प्रकाशक आणि तांब्याच्या पत्र्यावर चित्रं कोरणारे कारागीर. मारिया तीन वर्षांची असताना ते गेले. आईनं याकोब मारेल नावाच्या चित्रकाराशी दुसरं लग्न केलं. हा मारेल फुलांची चित्रं काढायचा. त्या काळी फुलांच्या चित्रात शोभेसाठी एखादं फुलपाखरू, एखादी अळी टाकायची पद्धत होती. सावत्र बापानं पोरीच्या हातात ब्रश दिला आणि ही पोर चित्रासाठी किडे गोळा करायला लागली.

तेराव्या वर्षी, म्हणजे १६६० साली, तिनं रेशमाचे किडे पाळले. अंडं, अळी, कोष, पतंग हा सगळा प्रवास समोर बघितला. रेशीम हा धंदा असल्यामुळे रेशीमकिड्याचं हे चक्र लोकांना माहीत होतंच. पण तिच्या डोक्यात पुढचा प्रश्न आला. बागेतल्या बाकीच्या अळ्यांचं काय होतं?

मग मिळेल ती अळी घरी आणायची आणि डबीत ठेवायची, असं सुरू झालं. ऐकायला सोपं वाटतं. पण अळीला भलतं पान दिलं तर ती खात नाही, उपाशी मरते. त्यामुळे अळी सापडली की ती कुठल्या झाडावर सापडली हे आधी लिहायचं आणि रोज त्याच झाडाचं ताजं पान आणायचं. कात टाकली की रंग बदलला का? हात लावला की गोळा होते, पळते की मान उडवते? पान गुंडाळून आत बसते का? कोष कोणत्या तारखेला केला, आतून पतंग किती दिवसांनी आला? या सगळ्याच्या नोंदी. सोबत चामड्याच्या पातळ तुकड्यावर काढलेलं छोटं चित्र, तेही जिवंत अळी समोर ठेवून, कारण मेलेली अळी आकसते आणि तिचा रंग जातो.

इथेच तिला किल्ली सापडली. अळी ओळखायची तर आधी ती कुठल्या झाडावर आहे ते बघायचं. बहुतेक अळ्या खाण्याच्या बाबतीत हट्टी असतात. एकीला चिडकी खाजकुयली लागते तर दुसरीला फक्त चेरीचं पान. सारख्या दिसणाऱ्या दोन अळ्या वेगवेगळ्या झाडांवर असतील तर संशय घ्यायला जागा आहे. आणि शेवटचा निकाल देणार तो कोषातून बाहेर येणारा पतंग.

(आज यात आणखी एक साधी खूण जोडता येते. अळीचे पाय मोजा. पुढचे सहा खरे पाय सोडून पोटाखाली मांसल पायांच्या जास्तीत जास्त पाच जोड्या असतील तर ती फुलपाखराची किंवा पतंगाची अळी. दोनच जोड्या असतील आणि पाठीची कमान करत चालत असेल तर उंटअळीच्या चालीतली. पाचपेक्षा जास्त जोड्या असतील तर ती पतंगाची अळीच नाही. मोहरीच्या पानांवरची काळपट अळी तशी असते, तिचं नातं गांधीलमाशीशी.)

अठराव्या वर्षी तिचं लग्न झालं, सावत्र वडिलांचाच शिष्य योहान ग्राफशी. पुढे ते न्यूरेंबर्गला गेले. दोन मुली झाल्या, योहाना आणि डोरोथिया. घर चालवायचं म्हणून मारिया चांगल्या घरच्या मुलींना चित्रकला आणि भरतकाम शिकवायची, रंग विकायची, भरतकामाचे नमुने म्हणून फुलांची पुस्तकं छापायची. आणि उरलेल्या वेळात अळ्या.

१६७९ साली तिचं अळ्यांचं पुस्तक आलं. ५० चित्रं. १६८३ साली दुसरा भाग, आणखी ५०. पुस्तक जर्मनमध्ये होतं, पंडितांच्या लॅटिनमध्ये नाही. पण खरी कमाल चित्रांच्या मांडणीत होती. तोवर किड्यांची चित्रं म्हणजे कोऱ्या कागदावर रांगेत मांडलेले मेलेले नग. मेरियननं एका पानावर एक झाड घेतलं आणि त्याच झाडावर अळी, कोष, पतंग आणि दिसली असतील तर अंडीही दाखवली. कोण काय खातं आणि कोणाचं काय होतं हे एका नजरेत. आज शाळेच्या पुस्तकात फुलपाखराचं जीवनचक्र असंच असतं, आपल्याला त्यात काही विशेष वाटत नाही.

तिच्या डब्यांतून दर वेळी पतंगच निघायचा असं नाही. कधी कधी अळी सुकून जायची आणि तिच्यातून बारक्या माश्या बाहेर पडायच्या. हॉलंडमधल्या यान खुडार्ट नावाच्या चित्रकारानंही तिच्याआधी हे बघितलं होतं आणि एकाच अळीपासून दोन वेगळे जीव होऊ शकतात असं मानून मोकळा झाला होता. मेरियनलाही हे कोडं पूर्ण सुटलं नाही. पण तिनं त्या माश्या चित्रात काढल्या आणि हे नेहमीचं रूपांतर नव्हे म्हणून बाजूला नोंदवलं. परोपजीवी माश्या अळीच्या अंगात अंडी घालतात हे पुढे उलगडलं. आज शेतकरी अळ्या मारायला अशाच माश्या शेतात सोडतात.

एकीकडे हे चालू असताना घर मोडत होतं. १६८५ च्या सुमारास मारियानं नवरा सोडला आणि म्हातारी आई आणि दोन मुलींना घेऊन हॉलंडच्या उत्तरेला लॅबडिस्ट नावाच्या पंथाच्या वसाहतीत जाऊन राहिली. तिथे खासगी मालमत्ता नाही, नटणं नाही, कडक शिस्त. नवरा न्यायला आला, पण ती परत गेली नाही. नवऱ्याला सोडायचं असेल तर त्या काळच्या बाईकडे फार रस्ते नव्हते. धर्माच्या दारानं जाणं हा त्यातला एक. तिची श्रद्धा खरी होती, पण मला वाटतं तिला हे दारही पक्कं ठाऊक होतं. पुढे घटस्फोट झाला आणि तिनं वडिलांचं आडनाव परत घेतलं. वसाहतीतल्या त्या वर्षांत तिनं इतक्या वर्षांच्या सुट्या नोंदी आणि चित्रं एका वहीत लावायला घेतली.

१६९१ साली ती मुलींसह ॲमस्टरडॅमला आली. जगभरची जहाजं या बंदरात यायची आणि श्रीमंतांच्या घरात परदेशी फुलपाखरांची कपाटंच्या कपाटं होती. तिनं ती बघितली आणि तिला तेच खटकलं. टाचणीला टोचलेले सुंदर पतंग, पण त्यांची अळी कशी होती, ती काय खात होती, हे कोणालाच माहीत नाही.

मग तिनं जे केलं ते आजही धाडस वाटेल. आपली २५५ चित्रं विकली, मृत्युपत्र केलं आणि १६९९ साली धाकट्या डोरोथियाला घेऊन दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनामचं जहाज धरलं. वय ५२. सोबत कोणी पुरुष नाही. पाठीशी राजा नाही, विद्यापीठ नाही.

सुरिनाम ही डचांची ऊसमळ्यांची वसाहत. तिथले मळेवाले तिला हसायचे, कारण साखर सोडून दुसऱ्या कशात कोणाला रस असू शकतो हे त्यांना पटत नव्हतं. उन्हानं अंग भाजायचं, जंगलात काटे इतके की वाट तोडायला माणसं पुढे पाठवावी लागायची. ही माणसं म्हणजे गुलाम होती, हे सांगायला हवं. कुठली अळी कुठल्या झाडावर मिळते, हे तिला दाखवणाऱ्यांत आफ्रिकेतून धरून आणलेली माणसं होती आणि तिथले मूळ रहिवासी होते. त्यांची नावं तिच्या पुस्तकात नाहीत.

पण त्यांचं एक दुःख मात्र आहे. आपल्याकडे सोसायटीच्या कुंपणाला लाल-पिवळ्या तुऱ्यांचा शंकासूर लावतात ना, त्याचं एक चित्र या पुस्तकात आहे, अळी आणि पतंगासकट. त्याच्या मजकुरात मेरियननं लिहून ठेवलं की गुलाम बायका याच्या बिया खाऊन गर्भ पाडतात. आपलं मूल गुलामीत जन्माला येऊ नये म्हणून. हे त्या बायकांनीच तिला सांगितलं होतं. अळ्यांच्या पुस्तकात ही नोंद करायची तिला काही सक्ती नव्हती.

दोन वर्षांतच तापानं तिला गाठलं. १७०१ साली ती परतली आणि १७०५ मध्ये ६० मोठ्या चित्रांचं सुरिनामच्या किड्यांवरचं पुस्तक स्वतः छापलं.

त्यात चुका आहेत का? आहेत. जवळपास फूटभर पंखांचा एक पांढुरका पतंग तिनं काढला, त्याच्याखाली जी अळी दाखवली ती त्याची नाहीच, असं आजचे तज्ज्ञ म्हणतात. सारख्या अळ्यांची गल्लत अळ्यांच्या या जाणकार बाईकडूनही झाली. दुसरीकडे, पक्षी खाणारा कोळी तिनं काढला म्हणून १८३० च्या दशकात तिला थापाडी ठरवलं गेलं. १८६३ साली हेन्री बेट्सनं ॲमेझॉनच्या जंगलात असा कोळी प्रत्यक्ष बघितल्याचं छापलं, तेव्हा ती बरोबर निघाली. दरम्यान लिनियसनं प्राण्यांना शास्त्रीय नावं देताना तिची चित्रं आधार म्हणून वापरलीच होती.

१७१५ साली तिला पक्षाघाताचा झटका आला. १३ जानेवारी १७१७ ला ती गेली. ॲमस्टरडॅमच्या मृत्यूच्या नोंदवहीत तिच्या नावापुढे निर्धन असं लिहिलंय. आणि त्याच दिवसांत रशियाच्या झार पीटर द ग्रेटच्या माणसानं तिची चित्रं मोठ्या किमतीला विकत घेतली. अळ्यांच्या पुस्तकाचा तिसरा भाग डोरोथियानं त्याच वर्षी छापला आणि नंतर ती नवऱ्यासोबत झारच्या नोकरीत सेंट पीटर्सबर्गला गेली.

मेरियनची ती नोंदवहीही तिथेच पोहोचली. आजही ती सेंट पीटर्सबर्गच्या विज्ञान अकादमीच्या ग्रंथालयात आहे. तिच्यातली पहिली नोंद १६६० सालची आहे, रेशमाच्या किड्याची.