कस्तुरबा : परदेशातील आश्रमात घडलेले मातृत्व

मुलाला आपल्या घरात वाढवणे हीच मोठी साधना आहे. मग परक्या देशात, अनेक कुटुंबांच्या सामायिक जीवनात, जिथे स्वयंपाकघरही केवळ आपले नाही, तिथे लहान मूल वाढवणे किती कठीण असेल! पूज्य कस्तुरबांनी ही साधना दक्षिण आफ्रिकेत केली. त्यांच्या जीवनाचा हा भाग आपण क्वचितच आठवतो.

कस्तुरबांचा जन्म 1869 साली पोरबंदरच्या कापडिया घराण्यात झाला. घर संपन्न आणि वैष्णव संस्कारांचे होते, पण शाळेत जाण्याची संधी त्यांना मिळाली नाही. लहान वयातच त्यांचा विवाह मोहनदास गांधींशी झाला. 1896 च्या अखेरीस त्या दोन लहान मुलांना घेऊन पतीसह दक्षिण आफ्रिकेला निघाल्या. सर्वात धाकटा मुलगा देवदास याचा जन्म 22 मे 1900 रोजी डर्बन येथे झाला. त्या वेळी सुईण वेळेवर पोहोचू शकली नाही आणि बाळंतपण स्वतः गांधीजींनी केले. असा हा मुलगा पुढे एका घरात नव्हे, तर एका वसाहतीत वाढला.

1904 साली गांधीजींनी डर्बनपासून सुमारे 14 मैलांवर 100 एकर जमीन घेऊन फिनिक्स वसाहत सुरू केली. पत्र्याची घरे, चहूकडे गवत आणि त्यात साप. प्रत्येकाने आपल्या वाट्याची जमीन कसायची, इंडियन ओपिनियनच्या छापखान्यात काम करायचे आणि महिन्याला फक्त 3 पौंड घ्यायचे, असा नियम होता. वकिली करणारा आणि छापखान्यात मजुरी करणारा, दोघांच्या श्रमाची किंमत सारखी मानली जाई. संध्याकाळी सर्वांची एकत्र प्रार्थना होई. तिच्यात हिंदू भजनांबरोबर इतर धर्मांची गीतेही असत.

1906 साली बा मुलांसह इथे राहायला आल्या तेव्हा देवदास सहा वर्षांचा होता. पती बहुतेक काळ जोहान्सबर्गमध्ये किंवा तुरुंगात असत. त्यामुळे दैनंदिन संसाराचा मोठा भार बांवरच होता. इथे माझे मूल आणि दुसऱ्याचे मूल हा भेद ठेवायचा नव्हता. चुलत-पुतण्यांची मुले आणि सहकाऱ्यांची मुले एकत्रच वाढत. सगळे शेतात राबत, छापखान्यात हात लावत आणि आपल्याच भाषेत शिकत.

हे सर्व बांनी लगेच आनंदाने स्वीकारले, असे समजू नये. जुन्या रीतीभाती सोडताना त्यांना फार जड गेले. याआधी डर्बनच्या घरात राहणाऱ्या कारकुनाचे मलमूत्राचे भांडे उचलण्यावरून पती-पत्नीत मोठा वाद झाला होता, हे स्वतः गांधीजींनी आपल्या आत्मकथेत लिहिले आहे. मुलांच्या शिक्षणाचा प्रश्न तर अधिक खोल होता. गांधीजींनी मुलांना इंग्रजी शाळेत घातले नाही. स्वतः शिकवायचे ठरवले, पण त्यासाठी पुरेसा वेळ देता आला नाही. थोरला मुलगा हरिलाल याच्या मनात ही खंत राहिली आणि 1911 साली तो घर सोडून भारतात परतला. एका आईसाठी याहून मोठे दुःख कोणते? ज्या प्रयोगात एक मूल फुलत होते, त्याच प्रयोगातून दुसरे मूल दुरावले. बांनी दोन्ही गोष्टी हृदयात सांभाळल्या.

1908 च्या अखेरीस बा गंभीर आजारी पडल्या. गांधीजी तेव्हा तुरुंगात होते. दंड भरून सुटता आले असते, पण त्यांनी तसे केले नाही. पुढे डर्बनमध्ये क्लोरोफॉर्मशिवाय शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांनी गोमांसाचा रस्सा देण्याचा आग्रह धरला. बांनी ठाम नकार दिला आणि त्याच अशक्त अवस्थेत त्या फिनिक्सला परतल्या. स्टेशनपासून घरापर्यंत त्यांना झोळीतून न्यावे लागले. देवदास तेव्हा आठ वर्षांचा होता. श्रद्धा म्हणजे काय, हे आईने मुलाला पुस्तकातून शिकवले नाही.

1913 साली केप न्यायालयाच्या एका निकालामुळे ख्रिस्ती पद्धतीने न झालेले विवाह कायद्याने अमान्य ठरू लागले. ही आपल्या मातृत्वाचीच अवहेलना आहे, हे बांनी ओळखले. सप्टेंबरमध्ये फिनिक्सहून निघालेल्या 16 सत्याग्रहींच्या पहिल्या तुकडीत त्या होत्या. मुलगा रामदासही सोबत होता. बांना तीन महिने सक्तमजुरीची शिक्षा झाली. तेरा वर्षांचा देवदास मागे राहिला, पण तो निराधार नव्हता. मगनलाल गांधी आणि सारी वसाहत त्याचे घर होती. सामायिक जीवनाचे खरे मोल इथे कळते. आईने आजवर इतरांच्या मुलांना आपले मानले होते, म्हणून आज तिचे मूल सर्वांचे झाले. बा सुटून आल्या तेव्हा त्यांच्या शरीराचा नुसता सापळा उरला होता.

1914 साली हे कुटुंब आफ्रिकेतून निघाले. पुढे साबरमती आणि सेवाग्राम येथेही बा अनेकांच्या आई झाल्या. मणिलालने परत जाऊन फिनिक्सचे कार्य आयुष्यभर सांभाळले. देवदास पुढे हिंदुस्तान टाइम्सचे संपादक झाले. 22 फेब्रुवारी 1944 रोजी, महाशिवरात्रीच्या दिवशी, पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये कैदेत असतानाच बांनी देह ठेवला. त्यांना अग्नी देवदासनेच दिला. त्यांची समाधी आजही तिथे आहे.

आज आपल्यातील अनेक परिजन नोकरीनिमित्त परप्रांतात किंवा परदेशात मुले वाढवत आहेत. सत्संग आणि सामूहिक साधना हाच तिथला त्यांचा आधार आहे. बांचे जीवन सांगते की, समूह मुलाला पुष्कळ देतो, पण प्रत्येक मुलाच्या मनाकडे वेगळे लक्ष द्यावेच लागते. देवदास आणि हरिलाल, दोघेही एकाच आईचे पुत्र होते. आपल्या साधनेत मुलांना सहभागी करून घेताना त्यांचेही ऐकू या. शेजारच्या मुलालाही आपल्या ताटातला घास देऊ या. बांना हीच खरी श्रद्धांजली ठरेल.