ग्रीकांचा मेनांद्रोस, आपला मिलिंद

विहारांच्या स्मरणिकांमधून तथागत, सम्राट अशोक, महात्मा फुले, प.पू. बाबासाहेब, माता रमाई यांची चरित्रे आपण नेहमी वाचतो आणि ती वाचलीच पाहिजेत. यंदा आम्ही वेगळ्या माणसाचे चरित्र लिहायला घेतले आहे. त्याचे नाव आपल्या वस्तीत रोज हाकेला येते, माणूस मात्र फार थोड्यांना माहीत आहे. गल्लीत उभे राहून 'मिलिंद' अशी हाक मारा, दोन-तीन जण तरी वळून बघतील. त्यांना नावाचा अर्थ विचारा. कोणी सांगेल, मिलिंद म्हणजे भुंगा. कोणी सांगेल, बाबासाहेबांच्या कॉलेजचं नाव आहे. दोघांचंही खरं आहे. पण हे नाव मुळात एका ग्रीक राजाचे आहे आणि तो एकवीसशे वर्षांपूर्वी होऊन गेला, हे सांगणारा क्वचित भेटतो.

त्याचे ग्रीक नाव मेनांद्रोस. ग्रीक भाषेत 'मेनो' म्हणजे थांबणे, टिकणे, जागा न सोडणे आणि 'आंद्रोस' म्हणजे माणसाचा, पुरुषाचा. ही दोन्ही मिळून नाव झालं. आपल्या भाषेत सांगायचं तर ठाण मांडून उभा राहणारा गडी. त्या काळी ग्रीकांत हे नाव चालत होते. या राजाच्या दीडशे वर्षे आधी अथेन्स शहरात याच नावाचा एक मोठा नाटककार होऊन गेला. पुढे ग्रीस देश ख्रिस्ती झाला, लोक मुलांना संतांची नावे ठेवू लागले आणि जुनी नावे मागे पडली. आज ग्रीसमध्ये मेनांद्रोस नावाचा माणूस शोधावा लागेल. आपल्याकडे पाली भाषेने त्या नावाचे मिलिंद केले. संस्कृतात मिलिंद म्हणजे भुंगा हा शब्द आहे, त्यामुळे इतर समाजांतही हे नाव आवडीने ठेवतात, त्याला आपली ना नाही. पण राजाचं नाव भुंग्यावरून आलेलं नाही.

मालेगावच्या माणसाला यात नवल वाटायला नको. अलेक्झांडरचं सिकंदर झालं आणि ते नाव आपल्या मुस्लिम बांधवांच्या घराघरांत पोचलं. म्हणजे शेजारी शेजारी लूम चालवणारे सिकंदर आणि मिलिंद, दोघेही मूळ ग्रीक नावाचे! ग्रीकांना आपल्याकडे यवन म्हणत, पालीत योनक म्हणत. गावात 'युनानी दवाखाना' अशी पाटी दिसते, तो युनानी शब्दही त्याच घरातला.

आता राजाकडे वळू. त्याची कथा 'मिलिंदपञ्ह' म्हणजे मिलिंदाचे प्रश्न या पाली ग्रंथात आहे. त्यात त्याचा जन्म अलसंद प्रदेशातल्या कलसी गावी झाला असे सांगितले आहे. अलसंद म्हणजे अलेक्झांड्रिया. सिकंदराने आपल्या नावाची बरीच शहरे वसवली, त्यातलेच आजच्या अफगाणिस्तानातले, काबूलच्या उत्तरेचे हे शहर असे विद्वान मानतात. सिकंदर इ.स.पूर्व ३२६ मध्ये पंजाबपर्यंत येऊन परत फिरला, पण त्याच्या मागे ग्रीक माणसे त्या मुलखात राहिली, पिढ्यान् पिढ्या तिथलीच झाली. सम्राट अशोकाने कंदाहारला आपले लेख ग्रीक भाषेत कोरवले, ते याच लोकांसाठी. तेव्हा मिलिंद जन्मला त्या मुलखात धम्माचा शब्द त्याच्या आधीच शंभर वर्षे पोचलेला होता.

इ.स.पूर्व १५५ ते १३० च्या सुमारास त्याने राज्य केले. त्याची राजधानी सागल, म्हणजे आजच्या पाकिस्तानातले सियालकोट असे बहुतेक इतिहासकार मानतात. ग्रंथात त्या शहराचे वर्णन मोठे बहारीचे आहे. तट, वेशी, चौक, हत्ती-घोड्यांची वर्दळ आणि बाजारात काशीच्या कापडाची दुकाने. कापडाच्या गावातले आम्ही लोक, आमचे लक्ष आधी तिकडेच जायचे! राज्य काबूलपासून पंजाबपर्यंत पसरले होते. स्ट्राबो नावाच्या ग्रीक भूगोलकाराने लिहून ठेवले आहे की, हिंदुस्थानात सिकंदराने जिंकली त्यापेक्षा जास्त जमातींवर मेनांद्रोसने सत्ता मिळवली. यवनांनी साकेत म्हणजे अयोध्येला वेढा दिल्याचा उल्लेख पतंजलीच्या महाभाष्यात आहे. ती स्वारी त्याची की दुसऱ्या ग्रीक राजाची, यावर इतिहासकार अजून भांडतात.

त्याची नाणी भरपूर सापडली आहेत. एका बाजूला ग्रीक अक्षरे, दुसऱ्या बाजूला खरोष्ठी लिपीत इथल्या लोकांची प्राकृत भाषा. राजा परका असूनही प्रजेला वाचता येईल अशा भाषेत आपले नाव छापत होता, ही गोष्ट लहान नाही. नाण्यांवर ग्रीकांची अथेना देवी आहे, घुबड आहे आणि काही तांब्याच्या नाण्यांवर आठ आऱ्यांचे चक्रही आहे. ही नाणी पुढे दोनशे वर्षांनीही भडोच बंदराच्या बाजारात चालत होती, असे एका ग्रीक दर्यावर्दी व्यापाऱ्याच्या पुस्तकात नमूद आहे.

ज्या काळात मिलिंद राज्यावर आला तो काळ आपण विसरता कामा नये. इ.स.पूर्व १८५ च्या सुमारास सेनापती पुष्यमित्र शुंगाने शेवटचा मौर्य राजा बृहद्रथ याला मारून गादी घेतली. याच पुष्यमित्राने श्रमणाच्या मुंडक्याला शंभर दीनार बक्षीस लावले, अशी कथा 'दिव्यावदान' या बौद्ध ग्रंथात आहे आणि ती घोषणा त्याने साकल नगरीत केली असे तिथे म्हटले आहे. साकल म्हणजेच सागल. ती कथा अक्षरशः किती खरी यावर विद्वानांत एकमत नाही. पण ज्या नगरीचे नाव मुंडक्यांच्या बक्षिसाशी जोडले गेले, त्याच नगरीत एक राजा भिक्खूसमोर प्रश्न घेऊन बसला, हे आम्हाला फार मोलाचे वाटते.

आणि हा राजा चातुर्वर्ण्यात कुठेच बसत नव्हता. मनुस्मृतीने यवनांना धर्मकर्म सुटल्याने शूद्रत्वाला गेलेल्यांच्या यादीत टाकले आहे. उलट तथागतांनी आश्वलायन नावाच्या ब्राह्मण तरुणाला समजावताना यवनांचाच दाखला दिला होता. त्यांच्या देशात मालक आणि दास असे दोनच वर्ण असतात, मालकाचा दास होतो आणि दासाचा मालकही होतो, मग चार वर्ण जन्मावरून ठरलेत हे कशावरून? ज्याला वर्णव्यवस्थेत पायरी नव्हती त्याला संघासमोर बसायला जागा मिळाली.

मिलिंद हुशार होता आणि हुशारीची त्याला घमेंड होती. एकोणीस विद्या त्याला येत असे ग्रंथ सांगतो. वादात तो कोणाला ऐकत नसे. पंडित, संन्यासी त्याच्या प्रश्नांनी असे हैराण झाले की ते नगरी सोडून गेले आणि बारा वर्षे सागल विद्वानांवाचून ओस पडली. आयुपाल नावाच्या थेरांना त्याने विचारले, गृहस्थ राहूनही माणूस धम्माच्या मार्गाने पुढे जात असेल तर घर सोडायचे कशाला? बोलता बोलता थेर निरुत्तर झाले.

मग आले भन्ते नागसेन. ब्राह्मणाच्या घरी जन्मलेले, तीन वेद शिकून त्यात सार नाही म्हणून बाहेर पडलेले, रोहण थेरांकडे प्रव्रज्या घेतलेले आणि पाटलिपुत्राच्या अशोकारामात त्रिपिटक शिकलेले. राजा पाचशे यवनांना बरोबर घेऊन त्यांच्याकडे गेला आणि पहिल्याच भेटीत त्याने भन्तेंचे नाव विचारले. नावाच्याच प्रश्नावरून एवढा मोठा ग्रंथ सुरू होतो! नागसेनांनी सांगितले की लोक आपल्याला नागसेन म्हणतात, पण ते नुसते हाक मारण्यापुरते आहे, त्याच्या आत कायमचा असा कोणी 'मी' बसलेला नाही. राजाला वाटले, सापडला! आत कोणी नाही तर चीवर कोण घेतो, भोजन कोण करतो, शील कोण पाळतो? केस म्हणजे नागसेन का, नख म्हणजे नागसेन का, असे त्याने एकेक विचारून घेतले.

तेव्हा नागसेनांनी राजाच्याच रथाचा दृष्टांत दिला. आम्ही तो मुलांना मागाचा करून सांगतो, कारण रथ कोणी पाहिलेला नाही. धोटा म्हणजे माग का? नाही. फणी म्हणजे माग का? बीम, पट्टा, मोटार, यातलं एकही म्हणजे माग का? नाही. सगळं सुटं करून जमिनीवर ठेवलं तर तो ढीग म्हणजे माग का? तेही नाही. मग या सगळ्यावाचून वेगळा माग कुठे आहे? कुठेच नाही. सगळे भाग आपापल्या जागी जोडले, चालू झाले, की त्याला आपण माग म्हणतो. माणसाचेही तसेच आहे. ज्याच्यात जन्मजात, कायमचं, न बदलणारं असं काही नाहीच, त्याच्यात जन्मजात उच्च-नीच तरी कुठून येणार? हे शेवटचे वाक्य ग्रंथातले नव्हे, आमचे आहे, पण ते त्यातूनच निघते असे आम्ही मानतो.

पुढे बोलणे सुरू ठेवण्याआधी नागसेनांनी एक अट घातली. राजा, विद्वानासारखा वाद करणार असशील तर बोलू, राजासारखा करणार असशील तर नाही. विद्वान माणसाची चूक दाखवली तर तो रागावत नाही, राजाच्या विरोधात बोलले तर तो शिक्षा फर्मावतो. मिलिंदाने अट मान्य केली. मोहल्ल्याच्या मीटिंगमध्ये खुर्चीवर बसणाऱ्या प्रत्येकाने हे पान वाचावे, आम्हीसुद्धा.

मग प्रश्नांची रांगच लागली. पुनर्जन्म कोणाचा होतो? रात्रभर जळणाऱ्या दिव्याची पहिल्या प्रहराची ज्योत आणि शेवटच्या प्रहराची ज्योत तीच का वेगळी? जाणून पाप करणारा वाईट की न जाणता करणारा? नागसेन म्हणाले, न जाणता करणारा जास्त भोगतो, कारण तापलेला लोखंडी गोळा गरम आहे हे ठाऊक नसलेला माणूस तो घट्ट धरतो आणि जास्त भाजतो. अज्ञान ही सबब नाही, हे त्यात आले.

या पहिल्या भागाच्या शेवटी राजा मन मोकळे करतो. सोन्याच्या पिंजऱ्यात असला तरी सिंह तोंड बाहेरच करून बसतो, तसा मी घरात राहतो, पण बाहेर पडलो तर माझे शत्रू इतके आहेत की फार दिवस जगणार नाही, अशा अर्थाचे तो बोलतो. ग्रंथाच्या अखेरीस मात्र तो मिलिंद विहार बांधून नागसेनांना दान देतो, राज्य मुलाच्या हाती सोपवतो, भिक्खू होतो आणि अर्हत पदाला पोचतो. हा भाग मागाहून जोडला गेला असावा, कारण चौथ्या शतकाच्या आसपास चिनी भाषेत झालेल्या भाषांतरात तो नाही. प्लुटार्क हा ग्रीक लेखक तर सांगतो की मेनांद्रोस लष्कराच्या छावणीत वारला, तो न्यायाने राज्य करणारा होता, आणि त्याच्या अस्थींसाठी शहरांत भांडण लागले, तेव्हा सर्वांनी रक्षा सारखी वाटून घेऊन जागोजागी स्मारके उभारली. कुशिनारानंतर तथागतांच्या अस्थी आठ ठिकाणी गेल्या, त्याची आठवण येते. आम्हाला विचाराल तर पिंजऱ्यातला राजा आम्हाला जास्त खरा वाटतो. संसार, कर्ज, पाळी सांभाळून विहारात येणारा आपला उपासक तरी दुसरा कोण आहे?

राज्य गेले, ग्रंथ राहिला. म्यानमारमध्ये तो त्रिपिटकातच धरतात. १८८० साली ट्रेंकनर यांनी त्याची पाली प्रत युरोपात छापली, १८९० आणि १८९४ साली ऱ्हिस डेव्हिड्स यांचे इंग्रजी भाषांतर दोन खंडांत आले. १९५० साली बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, कॉलेज सुरू केले. त्याला पुढे मिलिंद महाविद्यालय नाव मिळाले आणि परिसराला नागसेनवन. मराठवाड्यातल्या आपल्या पोरांना वाचायला, विचारायला जागा झाली आणि तिच्यावर नाव लागले ते प्रश्न विचारणाऱ्या राजाचे! १४ ऑक्टोबर १९५६ नंतर लोकांनी दगडू, धोंड्या, कचरू, भिक्या ही नावे मागे टाकली आणि पाळण्यात सिद्धार्थ, राहुल, आनंद, मिलिंद आले. कोणी तरी आपल्याला टाकून बोलण्यासाठी दिलेले नाव सोडणे आणि आपले आपण नाव घेणे, यात काय होते ते आमच्या आई-वडिलांच्या पिढीला माहीत होते. आज वस्तीतले मिलिंद बहुतेक पन्नाशीच्या आसपासचे आहेत. बारशाला आता मोबाइलमध्ये शोधलेली नावे येतात. ठेवा, पण अर्थ विचारून ठेवा.

नावांची ही देवघेव दोन्ही बाजूंनी झाली आहे. कार्ला, जुन्नरच्या लेण्यांत यवनांनी दान दिल्याचे लेख आहेत. त्याहून जवळचा लेख आपल्याच जिल्ह्यात आहे. नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांत, लोक ज्यांना पांडवलेणी म्हणतात तिथे, १७ क्रमांकाचे लेणे उत्तरेकडच्या दत्तामित्री गावच्या एका यवनाने कोरवले. त्याने आई-वडिलांसाठी, सर्व बुद्धांच्या पूजेसाठी लेणे, चैत्यगृह आणि पाण्याची टाकी करून भिक्खुसंघाला दिली. त्याचे नाव इंद्राग्निदत्त, बापाचे नाव धम्मदेव आणि दानात सामील असलेल्या मुलाचे नाव धम्मरक्खित. मालेगावहून एसटीने सकाळी निघाले तर दुपारच्या आत तिथे पोचता येते. लेख ओसरीत आहे, ब्राह्मी लिपीत.